ठराव क्रमांक सतरा

सभा आठला होती, साडेआठला सुरू झाली.
कार्नियाच्या डोंगरात नोव्हेंबरही असाच येतो,
उशिरा, ओला, बुटांना चिखल लावून.
नऊ सभासद, एक हीटर,
आणि तिसऱ्यांदा तोच विषय घेऊन उभी मी,
ओंदिना झाम्पारो, नोंदणी विभाग,
निवृत्तीला चौदा महिने.

"पुन्हा ते फुकटचं?" दोरीनो म्हणाला.
सगळे हसले. मीही हसले.
मग म्हटलं, फुकट नव्हे, मुक्त.
फुकट म्हणजे जत्रेत कुणी हातात दिलेला फुगा.
मुक्त म्हणजे आपल्या झऱ्याचं पाणी.
पाइप आपण टाकायचा, गळती आपण शोधायची,
पण वरच्या खोऱ्यात बसून
कुणी तोटी बंद करायची नाही.

"आणि गळती शोधणार कोण?"
दोरीनोचा प्रश्न खोटा नव्हता.
मी कागद चाळले.
कागदात तालमेझ्झोच्या दोन पोरांची नावं होती,
ताशी दर होता, तीन वर्षांची बेरीज होती.
एवढ्याने कुणाची मान हलली नाही.

म्हणून रोझाल्बाची गोष्ट सांगितली,
जी सांगायची नाही असं ठरवून आले होते.
मार्चमध्ये ती आली, एवढंच विचारायला
की नवऱ्याच्या शेजारची जागा
अजून तिच्याच नावावर आहे ना.
परवाना आदल्या महिन्यात संपला होता.
पडद्यावर एक करडी चौकट: नूतनीकरण करा.
तिच्यामागे दफनभूमीची अख्खी वही,
कोण कुठल्या रांगेत, कुणाच्या उशाशी कोण,
आमचे सगळे मेलेले
अशा माणसांच्या कुलपात
ज्यांनी हे गाव नकाशावरही पाहिलेलं नाही.
मी तिला म्हटलं, पुढच्या आठवड्यात या.
ब्याऐंशी वर्षांच्या बाईला मी म्हटलं,
पुढच्या आठवड्यात या.

अकरा दिवसांनी, दंडासकट पैसे भरल्यावर, चौकट हलली.
तोवर रोझाल्बाने
सुतळी बांधून स्वतःची जागा स्वतःच मोजून ठेवली होती.
आणि नावं बाहेर काढून घ्यायची म्हटलं
तर त्याचा दर वेगळा.
आपल्याच माणसांची नावं, तार्चीझिओ!

महापौर टोपी फिरवत राहिला.
त्याला म्हटलं, भूकंपानंतरचा उन्हाळा आठव.
पडलेल्या चर्चच्या दगडांवर
आपण दोघं पांढऱ्या रंगाने आकडे घालत होतो.
डबा तुझा, ब्रश माझा.
गवंडी कुठून कुठून आले,
कुणाची बोली कुणाला कळत नव्हती,
पण आकडे सगळ्यांना वाचता येत होते.
म्हणून तर भिंत परत आली.

कुणी काही बोललं नाही. हीटर तेवढा खोकला.
बाजूने चार, विरुद्ध चार,
बिआजो सिगारेट ओढायला गेला तो गेलाच.
ठराव पुढच्या सभेवर.
इतिवृत्त मीच लिहिलं, त्याच प्रोग्रॅममध्ये,
दुसरा आहेच कुठे.

रविवारी वही-पेन्सिल घेऊन दफनभूमीत गेले.
फेब्रुवारी काही थांबत नाही.
दगडांना परवाना लागत नाही, हे एक बरं.
पहिल्या रांगेत बोटं गारठली,
तिसऱ्या रांगेत नावं दिसेनाशी झाली.
तेवढ्यात फाटक वाजलं.
दोरीनो. हातात बॅटरी, काखेत छत्री.
"माझं मत अजून तेच आहे," म्हणाला,
आणि पलीकडच्या टोकाला जाऊन
मोठ्याने वाचू लागला,
नाव, आडनाव, साल.
मी लिहीत गेले.

एका दगडापाशी अडला.
घराच्या किल्लीने शेवाळ खरवडलं,
उजेड तिरका धरला.
"हा आठ आहे की तीन?"
मी चष्मा पुसून वाकले.
तीन.
"नक्की?"
नक्की.
"मग लिही," तो म्हणाला,
"आणि जरा नीट अक्षरात.
उद्या दुसऱ्या कुणाला वाचायचं झालं तर?"